धाब्याला उंबरा नसतो

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आमच्या गावातली माणसं वर राहायला जातात. वर म्हणजे देवाघरी नव्हे, धाब्यावर. उन्हानं भेगाळलेल्या मातीच्या सपाट छपरांवर टोपल्या चढू लागतात. गढीजवळची पांढरी खारी माती ओतली जाते, पसरली जाते, पायांनी तुडवून चोपली जाते. मृगाच्या आत हे सगळं उरकायचं असतं, त्यामुळे महिनाभर गावाचं बोलणं जमिनीपासून आठ हात उंचावरून चालतं. गल्लीतून जाणाऱ्याला मान वर करून रामराम घालावा लागतो. मला हा महिना फार आवडतो. एरवी सुनांना मान खाली घालून चालायला लावणारं गाव वर्षातून एकदा सुनांकडे मान वर करून बघतं, हे काय कमी झालं?

यंदा आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी माझा मुलगा चौकटींचा कागद घेऊन माझ्यासमोर बसला. तो चिखलीला ओव्हरसियर आहे, त्यामुळे साधी चहाची वेळ सांगायलाही त्याला पट्टी लागते. घराच्या मागच्या अंगाला एक खोली वाढवायची आहे. तिच्यासाठी त्यानं चार छतं काढून आणली होती. एक सिमेंटचा स्लॅब. एक टिनाचं, एकाच बाजूला उतरणारं. एक कवेलूचं, म्हणजे कौलांचं, दोन्हीकडे उतरणारं. आणि चौथं धाबं, आईचं मन राखायला.

"आई, यातलं एक निवड," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

मी हसायला लागले. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. दोन मिनिटांचं काम म्हणे! याच घरात एका खोलीचं छत निवडता निवडता आखाजी सरून मृग आला होता. त्यात दोन भाऊ भांडले, एका कावळ्यानं वकिली केली, चिखलीहून आलेलं टिन अंगणात वाट बघत पडून राहिलं, आणि मी, नवी नवरी, आधी एका बाजूनं साक्ष देऊन मग दुसऱ्या बाजूला फितूर झाले होते.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, आणि या घरात मीही. राज्याबद्दल गावात बरंच बोलणं व्हायचं, माझ्याबद्दल त्याहून जास्त. आमचं गाव उंद्रीहून पायी पाऊण तासावर. मी साखरखेर्ड्याची, त्यामुळे माझं बोलणं इथल्या बायकांना जरा तिरपं वाटायचं, आणि मी तोंड उघडलं की त्या भाकरी थापायच्या थांबायच्या.

घर धाब्याचं होतं. शेजारचं घरही धाब्याचंच, आणि ते माझ्या चुलत सासऱ्यांचं, काकाजींचं. मध्ये सात-आठ हातांची मोकळी पट्टी. चार वर्षांपूर्वी मामाजी आणि काकाजी, म्हणजे माझे सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ, वेगळे झाले होते. वाटणी अगदी काटेकोर झाली. इतकी काटेकोर की बैलजोडीसुद्धा फोडली. जोडीचं नाव राजा आणि परधान. राजा आमच्याकडे आला, परधान त्यांच्याकडे गेला. आमचा राजा प्रधानाशिवाय, त्यांचा प्रधान राजाशिवाय. दोघांनीही बाजारातून एकेक नवा बैल आणून जोड लावली, पण आमचा नवा बैल सारखा डावीकडे ओढायचा, त्यामुळे आमची गाडी बांधावरूनच चालायची.

आणि मग मामाजींनी घरातल्या सगळ्यांना शपथ घातली. त्याच्या घराचा उंबरा कोणी ओलांडायचा नाही. काकाजींनीही आपल्या घरात हीच शपथ घातली. भावाभावांचं एवढं एकमत वाटणीआधी कधी झालं नव्हतं, असं आत्याबाई मला एकदा म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काकूबाई त्यांची धाकटी जाऊ, नाव चंद्रभागा. आत्याबाईंनी तिला सोळाव्या वर्षी या घरात चूल पेटवायला शिकवली होती, तिची दोन बाळंतपणं केली होती. वाटणीत भांडी वाटली, शेत वाटलं, बैल वाटले. या दोघी कशा वाटायच्या, हे कोणी विचारलंच नाही.

पण या दिवसांत दोघींनाही वर जावंच लागे. कुरडया, सांडगे, डाळी, सगळं वाळवण धाब्यावर. आत्याबाई आमच्या धाब्याच्या कडेला बसत, काकूबाई त्यांच्या धाब्याच्या कडेला. मध्ये सात-आठ हातांची दरी. दोघी एकमेकींकडे तोंड करत, पण एकमेकींशी बोलत नसत. बोलत कावळ्याशी. वाळवणावर कावळा हा असायचाच.

"कावळ्या," आत्याबाई म्हणत, "आमच्या घरी आज अंबाडीची भाजी केली बाप्पा."

आणि पलीकडून काकूबाई त्याच कावळ्याला सांगत, की आमच्याकडे पिठलं झालं, आणि पोरीले ताप हाय, आणि रात्रभर डोळा लागला नाही. त्या कावळ्याला दोन्ही घरांची जेवढी माहिती होती, तेवढी तलाठ्यालाही नव्हती.

तर, खोली. खोली आमच्यासाठी होती. त्या घरात एकच माजघर आणि एक ओसरी. माझे यजमान उंद्रीच्या शाळेत मास्तर, पण घरी त्यांचा वर्ग ओसरीवर वडलांशेजारी भरे आणि माझा माजघरात आत्याबाईंशेजारी. आमची खरी गाठभेट विहिरीवर, तीही चार बायकांच्या साक्षीनं. तेव्हा मामाजींनी ठरवलं की मधल्या पट्टीत एक खोली काढायची. पट्टी वाटणीत आमच्याकडे आलेली. भिंती काही दिवसांतच उभ्या राहिल्या. मग मिस्त्रीनं विचारलं, वर काय टाकायचं?

मामाजी म्हणाले, टिन. गावात तेव्हा टिनाची दोनच घरं. टिनावर ऊन पडलं की ते दुरून चमकतं, आणि उंद्रीच्या बाजारातून आपलं घर दिसलं पाहिजे, ही त्यांची इच्छा. शिवाय दरसाल मातीच्या टोपल्या चढवणं नको. माझे यजमान म्हणाले, कवेलू. खाली गार राहतं आणि दिसायला सुबक. आत्याबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या, धाबं.

सगळे हसले. धाबं गळतं, त्याला जड तुळया लागतात, त्यात उंदीर होतात, विंचू होतात. आत्याबाईंनी एकही कारण दिलं नाही. फक्त पुन्हा म्हणाल्या, धाबं.

माझ्या माहेरी ओसरीवर टिन होतं. मामाजींनी लगेच मला साक्षीदार केलं.

"सूनबाई टिनाखाली वाढली," ते म्हणाले. "तिले इचारा."

मी हनुवटीपर्यंत पदर ओढून म्हणाले, "टिन चांगलं राह्यते, मामाजी."

खोटं कशाला बोलू? माझं कारण सुबकपणाचं नव्हतं आणि चमकण्याचंही नव्हतं. टिनावर कोणी चालत नाही. धाब्यावर पहाटेपासून अख्ख्या घराचे पाय फिरतात, आणि खाली नवा संसार असेल तर त्याला प्रत्येक पाऊल मोजता येतं. वरच्यांनाही खालचं पुष्कळ कळतं. मला टिन हवं होतं, आणि का हवं होतं ते त्या वयातल्या कोणत्याही मुलीला सांगावं लागणार नाही.

मग एक दिवस मी कुरडयांची परात घेऊन आत्याबाईंबरोबर वर गेले. काकूबाई पलीकडे होत्याच. कावळाही होता. काकूबाई काहीतरी सांगत होत्या, आत्याबाई हसत होत्या. सांगता सांगता काकूबाई डाळ पसरायला वळल्या, त्यांची पाठ आमच्याकडे झाली, आणि आत्याबाईंचं हसू तिथंच थांबलं. काकूबाई बोलतच होत्या. आत्याबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या, परक्या गावच्या एसटीची पाटी वाचावी तशा.

खाली आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "शेवटी काय म्हणत होती चंद्री?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, आत्याबाई, तुम्हाला ऐकू कमी येतं का? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"कोनाले सांगू नको," त्या म्हणाल्या. "उजव्या कानानं जवळचं येते. दुरचं नाई येत. मांगच्या साली चंद्रीचं अर्धं येत होतं. औंदा पाव येते."

आणि त्या हातातल्या सुपातले खडे वेचत राहिल्या.

काकूबाईंना मोठ्यानं बोलता येत नव्हतं, कारण खाली काकाजी. आणि मधल्या खोलीवर टिन चढलं असतं तर दोन धाब्यांच्या मध्ये उतरत्या पत्र्याची पाठ उभी राहिली असती. मग ऐकणं सोडाच, ओठही दिसले नसते. आणि धाबं झालं तर? मी विचारलं, तर आत्याबाईंच्या डोळ्यांत जे चमकलं ते कोणत्याही टिनाला जमलं नसतं.

"मंग चालत जाईन तिच्यापाशी," त्या म्हणाल्या. "शपथ उंबऱ्याची हाय. धाब्याले कुठं उंबरा राह्यते?"

सांगते, त्या क्षणी माझा टिनाचा पक्ष कोसळला. चार वर्षं ही बाई आपल्या नवऱ्याची शपथ हातात घेऊन सगळीकडून चाचपत होती, आणि तिला तिच्यातली एक फट सापडली होती, सात-आठ हात रुंद.

मग आम्ही दोघींनी डाव रचला. टिन उतरतं असतं, म्हणजे पाणी कुठंतरी पडणार. पुढं उतरवलं तर अंगणातून वाहत काकाजींच्या दाराशी. मागं उतरवलं तर थेट काकाजींच्या कडब्याच्या गंजीवर. धाब्याला मात्र आमच्या जुन्या धाब्याकडे थोडा ढाळ दिला की पाणी आमच्याच पन्हाळीतून आमच्याच परसात. हे मिस्त्रीला ठाऊक होतं, पण मिस्त्री पान खात असल्यानं बोलत नव्हता. आत्याबाईंनी हे सगळं कावळ्याला सविस्तर समजावलं. काकूबाईंनी खाली जाऊन काकाजींना समजावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी नव्या भिंतीशी येऊन उभे राहिले.

"दादा," चार वर्षांनी ते म्हणाले, "टिन टाकशीन तं पानी मायाकडे येईन."

मामाजी दातून करत होते. त्यांनी काडी तोंडातून काढली, भावाकडे बघितलं, आणि मग काय सांगू, अशी जुंपली की दोन्ही घरांच्या चुलींवरच्या भाकरी करपल्या. आजोबांच्या वेळचं निघालं, आंब्याचं झाड निघालं, परधान निघाला. गंमत अशी की दोघांचे चेहरे उजळत चालले होते. त्या दिवशी मामाजी दोन भाकरी जास्त जेवले. आणि हात धुता धुता म्हणाले, "आता तं टिनच. त्याले नको तं मले पाह्यजेच."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमचा डाव आमच्याच अंगणात उताणा पडला होता. मी घरात नवी, सासऱ्यांना ओळखायला चुकले ते ठीक. आत्याबाई तीस वर्षांनीही चुकल्या. भावानं नाही म्हटलेली गोष्ट मामाजी सोडणारच नाहीत, हे गावातल्या कोणीही सांगितलं असतं.

आठवड्यात टिन आलं. राजा आणि त्याचा डावीकडे ओढणारा सोबती, दोघांनी मिळून ते चिखलीहून ओढत आणलं. अंगणात पत्रे उतरवताना असा गडगडाट झाला की गावातली कुत्री लपली. आत्याबाई वर धाब्यावर तूर हलवत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मिस्त्रीनं नारळ मागितला. मामाजींनी आत्याबाईंना हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. आत्याबाईंची पाठ. पलीकडच्या धाब्यावर काकूबाई, आणि त्यांचाही हात डाळीवर थांबलेला. आणि मामाजी मिस्त्रीला म्हणाले, हळू, पण मी ओसरीवर होते, मला ऐकू आलं.

"चार सालं झाली, ही मले ओ देत नाई. भावाले तोडला म्हणून मनात धरून बसली."

तोवर मला वाटत होतं की या घरात एकच माणूस काहीतरी लपवून बसलं आहे. मी शिडी चढले. आत्याबाईंच्या उजव्या कानाशी वाकले आणि मामाजी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं.

त्या उठल्या. सुपडं खाली ठेवलं. धाब्याच्या कडेला आल्या आणि खाली अंगणात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून बोलल्या. त्यांना आपला आवाज नीट कळत नसे, म्हणून तो दोन्ही घरांत गेला.

"धरून नाई बसली. मले ऐकू येत नाई. तुमची हाक नाई येत, चंद्रीचं बोलणं नाई येत. जवळ बसली तं येते. चार सालं तुमचा उंबरा पाळला मी. आता मरेपर्यंत कावळ्यासंग बोलू काय?"

भिंतीपलीकडे काकाजी परधानला पाणी पाजत होते, त्यांनी बादली खाली ठेवली. मामाजींनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग मिस्त्रीकडे वळले.

"धाब्याले लाकूड किती लागन?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीनं आयुष्यात पहिल्यांदा पान थुंकून उत्तर दिलं.

भाऊ गळ्यात पडले, असं मी सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं नाही. खरं असं की दोन दिवसांनी सकाळी उठलो तर आमच्या गोठ्याच्या खुंट्याला परधान बांधलेला. राजाच्या शेजारी. कोणी बांधला, कोणी बोललं नाही. मामाजींनी दोघांना एका जुवाखाली घेतलं आणि गाडी सरळ चालली, चार वर्षांत पहिल्यांदा. गढीवरून खारी माती आणताना गाडीत मामाजी पुढे आणि काकाजी मागे, एकमेकांकडे पाठ करून. आणि दोघं बैलांशी बोलत होते. राजा, त्याले सांग, मातीत खडे हाय. परधान, त्याले सांग, मले दिसते. घराण्याची रीतच ती, काय करणार.

आणि टिन? ते एका सकाळी काकाजींच्या कडब्याच्या गंजीवर छप्पर होऊन बसलेलं दिसलं. उंद्रीच्या बाजारातून ते दिसायचं की नाही, माहीत नाही. आमच्या खिडकीतून मात्र झगमग दिसायचं.

धाबं झालं. ओली माती चोपून गुळगुळीत केली आणि मिस्त्रीनं बजावलं, तीन दिवस पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर आमच्या बाजूनं पावलांची एक रांग निघालेली, लहान, जवळजवळची. पलीकडून दुसरी आलेली, लांब टांगांची. मधोमध दोन्ही थांबलेल्या, आणि तिथं दोन माणसं बसल्याचे दोन खोलगट खळगे. मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. लाकडी फळी घेऊन ते सपाट करायला निघाला तर मामाजी म्हणाले, "राहू दे."

आमच्या नव्या संसाराच्या डोक्यावर मग अठरा वर्षं दोन जावांची मैफल भरली. पहाटे कोंबड्याच्या आधी पावलं वाजत. यजमान उशीत तोंड खुपसून म्हणत, कवेलू हवं होतं. मी म्हणे, टिन. आणि वरून काकूबाईंचा आवाज येई, आत्याबाईंच्या उजव्या कानात सांगितलेलं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. घरातलं एकही गुपित त्यानंतर टिकलं नाही. त्या कावळ्याला मात्र कोणी विचारेना. बिचारा काही दिवस येऊन बसायचा.

आता दोघे भाऊ नाहीत. आत्याबाईही नाहीत. त्या पावलांवर दरसाल एकेक थर चढत आता पंचवीसहून जास्त थर बसले असतील. घराचं छत जाड होत चाललं आहे आणि खोली ठेंगणी. पण काकूबाई आहेत. सत्तरीला टेकल्या आहेत, गुडघे गेले आहेत, आणि तरी या दिवसांत शिडीला हात घालतात. गेल्या साली चौथ्या पायरीवरून परतल्या. खाली बसून वर बघत राहिल्या.

म्हणून मी मुलाचा कागद हातात घेतला आणि बोट ठेवलं ते स्लॅबवर. तो चकित झाला. त्याला वाटलं होतं, आई धाब्यासाठी रडेल. मी कशाला रडू? सपाट ते सपाट. स्लॅबला तरी कुठं उंबरा असतो? मी एवढंच सांगितलं की नव्या खोलीला लागून जिना कर, शिडी नको, आणि पायऱ्या बुटक्या कर, एकेक पायरी लहान मुलाच्या वितीहून उंच नको. तो म्हणाला, अशा पायऱ्या कोणत्याच नकाशात बसत नाहीत, जागा फार खातात. मी म्हटलं, खाऊ दे.

काम चालू आहे. मृगाच्या आत जिना होईल असा मिस्त्रीचा शब्द आहे, म्हणजे उजाडेल तेव्हा उजाडेल. तोवर मुलगा आणि मिस्त्रीचा एक गडी काकूबाईंना खुर्चीसकट वर नेऊन ठेवतात, पालखीसारखं. त्या मधल्या धाब्यावर, ठरलेल्या जागी बसतात, आणि सवयीनं डावीकडे तोंड करून मोठ्यानं बोलायला लागतात. मी त्यांच्या डावीकडे जाऊन बसते, म्हणजे माझा उजवा कान त्यांच्याकडे येतो. माझे कान अजून ठणठणीत आहेत, पलीकडच्या गल्लीतली कुजबुजही सुटत नाही. पण काकूबाई बोलायला लागल्या की मी कानामागे हात धरते आणि म्हणते, "काय म्हणता, काकूबाई? ऐकू नाई आलं."

मग त्या खुर्ची सोडतात, हळूहळू खाली मातीवर बसतात, आणि सरकत सरकत अगदी जवळ येतात.